सव्वा रुपयाची बाकी

आमच्या घरात एक गोष्ट तीन प्रकारांनी सांगितली जाते आणि ते तिन्ही प्रकार चुकीचे आहेत. इतकी वर्षे मी त्यांना उत्तर दिले नाही, कारण भरल्या पंगतीत स्वतःची बाजू मांडत बसणे मला कमीपणाचे वाटे. परंतु गेल्या दिवाळीत ती गोष्ट पुन्हा पंगतीत आली, तीही अशा मुलीच्या बोलण्यातून, की जिला ती गोष्ट ठाऊकच नव्हती. म्हणून हे लिहीत आहे.

माझ्या धाकट्या भावाची नात पुण्याला बँकेत नोकरी करते. दिवाळीला ती साताऱ्यास आली होती. जेवताना माझ्या सुनेने तिला सहज विचारले, की कपाटात एक क्रेडिट कार्ड नुसते पडून आहे, कधी वापरलेलेच नाही, ते बंद करून टाकावे काय.

"फी पडत नसेल तर राहू दे काकू," ती म्हणाली. "जुनं कार्ड बंद केलं की पत खाली येऊ शकते."

"हे काय उफराटं! उधारी नको म्हणणाऱ्याची पत कमी, आणि करणाऱ्याची जास्त?"

"तसं नाही. बघणारे एवढंच बघतात, की तुमच्यावर कुणी किती विश्वास टाकलाय, आणि तुम्ही तो किती वर्षं सांभाळलाय. न वापरता पडून आहे, म्हणजे तो विश्वास तुमच्या नावावर शिल्लक आहे. तुम्ही आपल्या हातानं तो परत केलात, तर उरलेली उधारी आहे तेवढीच राहिली तरी मोठी दिसायला लागते. आणि जुनं खातंच गेलं, तर पुढंमागं त्या वर्षांची साक्ष कोण देणार?"

माझी भावजय भिंतीला टेकून जेवत होती. मी तिचा थोरला दीर; लग्न होऊन आली तेव्हापासून ती माझ्याशी सरळ बोललेली नाही. जे बोलायचे ते दुसऱ्याला उद्देशून बोलते. डोक्यावरचा पदर सारखा करून ती नातीला म्हणाली, "बाई गं, हे तू लय उशिरा सांगितलंस. तुझ्या आज्याच्या थोरल्या भावाला कुनीतरी येळंवर सांगाया पायजे हुतं."

पोरीला काही उमगले नाही. माझी सून घाईघाईने भाताचे पातेले घेऊन उठली.

तर ते तीन प्रकार असे. भावजयीचे म्हणणे, धाकटा माझ्यापुढे जाऊ नये म्हणून मी सांगलीच्या पेठेतली माझी खाती मुद्दाम बंद केली. वडूजकडच्या माझ्या चुलतभावांचे म्हणणे, मला कुणाचे देणे नसल्याचा ताठा फार, त्या ताठ्यापायी मी ती बंद केली. तिसरे म्हणणे माझ्या पत्नीचे. ती आता नाही. ती माझी बाजू घेऊन प्रत्येकाला सांगे, "आवं, त्यांना कळलंच न्हाई हो त्यातलं." पहिल्या दोन आरोपांचा मला राग येतो. तिसऱ्या बचावाने मात्र मला जेवढे दुखावले, तेवढे त्या दोन्ही आरोपांनी मिळून दुखावले नाही. मला कळत नव्हते असे नाही. मला जे कळत होते ते दुसऱ्या मुलखातले होते, एवढेच.

तो मुलूख सांगितल्यावाचून पुढचे समजणार नाही.

आमचे वडील खटावच्या कोरड्या माळावरचे मेंढपाळ. दिवाळी सरली की कळप घेऊन कृष्णाकाठाला उतरत. लोकांच्या रानात मेंढरे बसवायची, लेंडीखत पडे, त्याबदल्यात शेतकरी धान्य देई. आज या रानात, चार दिवसांनी पुढच्या. आमची सगळी अब्रू एका गोष्टीवर अवलंबून असे: पुढल्या वर्षी तोच शेतकरी आम्हाला त्याच रानात पुन्हा उतरू देतो की नाही. म्हणून रान सोडण्याची आमची एक रीत होती. चूल विझवून राख मातीखाली गाडायची. काट्याकुट्याचे कुंपण मोडून बांधाला लावायचे. कुणाची मागून आणलेली कळशी असेल तर घासून पोचती करायची. मीठ-मिरचीची वाण्याकडची उधारी पै न् पै चुकवायची. एवढे झाल्यावर वडील गावच्या पाराजवळ उभे राहून मोठ्याने ओरडत, "आमी निघालो गा! कुनाच्या पिकाला आमच्या मेंढरानं तोंड लावलं आसंल, कुनाचं काय येनं आसंल, तर आत्ता बोला. फुडल्या साली ह्याच रानात तोंड दावायचं हाय आमाला!"

कुणी ओरडला, की माझ्या कोथिंबिरीचा वाफा गेला, तर ते भांडत नसत. काय असेल ते देऊन टाकत आणि मगच कळप हलवत. आमच्यात पूर्ण चुकते करून जाणारा माणूस हाच परत येणारा माणूस. देणे मागे ठेवून जातो तो तोंड लपवतो, त्याला पुन्हा रान मिळत नाही. हे मला कुणी शिकवले नाही. चालता येऊ लागल्यापासून मी ते पाहत आलो.

मेंढरांमागची ती पायपीट मी तरुणपणी सोडली. खांद्यावर घोंगड्या टाकून सांगलीच्या पेठेत विकायला जाऊ लागलो. तिथे सतरंज्या-चादरींची एक घाऊक पेढी होती. तिच्या मालकांना सगळी पेठ शेट म्हणे. ते तेव्हा माझ्याच वयाचे होते. त्यांनी माझी एक घोंगडी विकत घेतली, हाताने चाचपली, उन्हात धरून विणीतून पाहिली आणि विचारले, "परत जाताना रिकाम्या खांद्यानं जाता काय, घोंगडीवाले?"

"मग काय न्यायचं?"

"सतरंज्या न्या. साताऱ्यात विका. विकल्यावर पैसे द्या."

"माझ्याकडं तारण न्हाई काय ठेवायला."

"घोंगडीत एक तुटका धागा दाखवा, मग तारण मागतो."

अशी माझी पत सुरू झाली. पिढीजात व्यापाऱ्यांच्या पेठेत मेंढपाळाच्या मुलाला शब्दावर माल मिळू लागला. पुढे साताऱ्यात मी स्वतःचे दुकान काढले. शेटच्या शब्दावर पेठेतल्या आणखी दोन पेढ्यांनी मला खाते दिले, एकीने ताडपत्रीचे, दुसरीने चादरींचे. शाळा अर्धवट सुटली होती, पण दुकान बंद केल्यावर वाचनालयात जाऊन बसत असे; जी भाषा मी येथे लिहीत आहे ती तिथली कमाई आहे. हे सांगतो, कारण चुलतभाऊ ज्याला ताठा म्हणतात तो मी आयता मिळवलेला नाही.

पेठेची एक रीत मात्र मला कधी रुचली नाही. दिवाळीच्या पाडव्याला हिशेब द्यायला गेलो, की शेट सगळे पैसे घेत, आणि शेवटचा सव्वा रुपया माझ्या हातात परत ठेवत. "हा राहू द्या," म्हणत. तो सव्वा रुपया नव्या वर्षाच्या वहीत माझ्या नावावर बाकी म्हणून चढे. मला वाटे, वाण्यांचा काही शकुन असेल. पण वहाणेत शिरलेल्या खड्यासारखा तो मला वर्षभर टोचत राही. आपल्या नावावर देणे, आणि ते फेडण्याची ऐपत असताना!

नव्वदच्या दशकात धंदा पालटला. उत्तरेकडची गिरणीची ब्लँकेटे ट्रकने थेट साताऱ्यात उतरू लागली, चादरींचे विक्रेते स्वतःच दुकानात येऊ लागले. सांगलीला जाण्याचे कारण उरले नाही. तिन्ही खाती दोन-तीन दिवाळ्या नुसती पडून राहिली. त्यावर माल नाही, हिशेब नाही, फक्त तीन ठिकाणचा सव्वा सव्वा रुपया. त्या वर्षी पावसाळाभर मी छातीच्या दुखण्याने अंथरुणावर होतो. बरा झालो तेव्हा मनात एकच आले: रान सोडायची वेळ कधी येईल सांगता येत नाही, राख झाकून ठेवलेली बरी.

पाडव्याला एस.टी.ने सांगलीला गेलो. इतर दोन पेढ्यांवर मुनीमच होते. त्यांनी पैसे घेतले, खात्यावर रेघ मारली, विशेष काही विचारले नाही. शेट मात्र गादीवर बसले होते. कपाळाला गंध, पुढ्यात पूजा झालेल्या वह्या.

"खातं उठवायचंय," मी म्हणालो, आणि सव्वा रुपया पुढे ठेवला.

त्यांनी तो उचलला नाही. "आमचं काही चुकलं?"

"छे, छे."

"मुलांनी सांगितलंय?"

"न्हाई."

"मग निघालात कुठं?"

"कुठं जाणार? साताऱ्यातच हाय की."

"मग राहू द्या ना पडून. खायला मागतंय का ते खातं? वापरू नका."

"वापरत न्हाई म्हणूनच. नुसतं नाव कशाला आडवून ठेवायचं तुमच्या वहीत?"

त्यांनी वही उघडून माझे पान काढले. मग सव्वा रुपया घेतला, रेघ मारली, चहा मागवला. निघताना एक गोष्ट घडली. शेट गादीवरून उठले आणि मला सोडायला पेढीच्या पायरीपर्यंत आले. इतक्या वर्षांत ते कधी उठले नव्हते. नेहमी बसल्या जागेवरून हात हलवून "या" एवढेच म्हणत. आज ते पायरीवर उभे राहिले, दोन्ही हात जोडले. मला वाटले, एवढ्या जुन्या आणि चोख ग्राहकाचा हा मान आहे. एस.टी.त बसून मी वाटभर त्या मानाच्या धुंदीत होतो. घरी येऊन पत्नीलाही अभिमानाने सांगितले.

आता भावजयीच्या आरोपाकडे येतो. माझा धाकटा भाऊ सैन्यात हवालदार होता. त्याची नोकरी संपून तो परतला तो संक्रांतीनंतर. मी खाती बंद केली ती त्याआधीच्या दिवाळीत, पाडव्याला. जो माणूस अजून सीमेवर आहे त्याची वाट मी कशी अडवली, हे मला कुणीतरी समजावून द्यावे. यावर भावजयीचे उत्तर ठरलेले आहे: तो दसऱ्याला रजेवर आला होता, तेव्हाच आमच्या घरी जेवताना म्हणाला होता, की सांगलीत दुकान टाकायचे आहे.

म्हणाला होता. मी नाकारत नाही. परंतु ते जेवण जसे झाले तसे सांगितले पाहिजे. त्याच जेवणात तो एक जुनी जीप घेणार होता, खंडाळ्याच्या हमरस्त्यावर ढाबा घालणार होता, आणि आमच्या माळावर कोंबड्या पाळणार होता.

"आण्णा, ढाब्याचं नाव बी ठरलंय. 'जवान'! बोर्डावर माझा फोटू, मिशीसकट."

"मिशीला भिऊन गिऱ्हाईक पळंल," माझी पत्नी म्हणाली.

"पळू दे की वैनी. फकस्त बिल देऊन पळलं म्हंजे झालं!" तो हसता हसता ठसकला. "न्हाईतर सांगलीत दुकान टाकतो. हिची आई मिरजंला. आन आण्णांचं नाव पेठंत हाय. आपल्याला काय, गाळा घ्यायचा आन बसायचं."

सगळे हसले. मीही हसलो. इतक्या बेतांतला कोणता खरा, हे त्याच्या आवाजातून ओळखता येत नव्हते. तो सगळेच त्याच आवाजात बोले. ज्यांना ते आज ओळखता येते, त्यांना त्या दिवशी ते आले नव्हते. भावजय त्या पंगतीत पापड वाढत होती आणि तीही ढाब्यावरच हसली होती. हे ती सांगत नाही.

खरा बेत सांगलीचाच निघाला. परतल्यावर त्याने मिळालेले पैसे अनामत म्हणून भरले आणि पेठेच्या कडेला गाळा घेतला. मला सांगितले नाही. याचाही अर्थ लोक लावतात, की माझी भीती वाटत होती म्हणून सांगितले नाही. तसे नव्हते. माल भरून, फळ्यांवर मांडून, मग मला उद्घाटनाला न्यायचे, असे त्याच्या मनात होते. माझ्या नावाची त्याला इतकी खात्री होती, की ते मागून घेतले पाहिजे असे त्याला वाटलेच नाही. लहानपणी तो माझ्या पाठोपाठ पेठेत हिंडलेला. दारात उभे राहिले की आतून "या घोंगडीवाले" म्हणतात, हे त्याने पाहिलेले.

तो तिन्ही पेढ्यांवर गेला. तिन्ही ठिकाणी त्याला चहा मिळाला, बसायला गादी मिळाली, आणि माल रोखीने मिळेल असे सांगण्यात आले. एका मुनीमाने तर विचारले, "थोरल्यांचं काही बिनसलंय का हो? एकाच दिवशी तिन्हीकडची खाती उठवून गेले." पेठेने तोवर निरनिराळे निष्कर्ष काढून ठेवले होते. कुणी म्हणे साताऱ्याचे दुकान बुडते आहे, कुणी म्हणे भावाभावांत वाटण्या झाल्या असून थोरल्याने आधीच अंग काढून घेतले आहे. त्याने एका पतसंस्थेकडे कर्ज मागितले, तर त्यांचा माणूस चौकशीला कुठे जाणार? त्याच पेठेत गेला, आणि तेच ऐकून आला.

धाकटा साताऱ्याला आला तो भर दुपारी. दुकानात गिऱ्हाईक होते, ते जाईपर्यंत उंबऱ्याबाहेर उभा राहिला. आत आला तो बसला नाही.

"आण्णा, एकच इचारतो. खाती का उठवली?"

"कुणाची?"

"माझी कवा हुती? तुमचीच."

मी सांगितले. दुखणे, राख, वडिलांची रीत, सगळे.

"आवं, ते मेंढरांचं झालं. आपुन पेठंत हाय."

"रीत ती रीत. मी कुणाचं वाईट केलं?"

"वाईट न्हाई केलं. पर माज्या पायाखालचं काढून घेतलं. गाळ्याचं भाडं चालू हाय आन आत एक सतरंजी न्हाई. रोज फळी उघडून खुर्चीवर बसतो. येनाऱ्या-जानाऱ्याला वाटतं, कसलं हापिस हाय ह्ये!" तो हसला, आणि ते हसणे अर्ध्यावर मोडले. "चला माज्यासंगं. नुसतं पेढीवर जाऊन बसा. तुमचं नाव फिरून लिवून घेतील."

चुलतभावांच्या गोष्टीत मी इथे ताठ्याने नकार देतो. हे धादांत खोटे आहे. दुसऱ्या दिवशी सकाळच्या पहिल्या गाडीने मी त्याच्याबरोबर सांगलीला गेलो. शेजारी बसून गेलो. कऱ्हाडला त्याने भजी घेतली, मला आधी दिली. गाडीत तो मला सांगत होता, दुकानात सतरंज्या कोणत्या भिंतीला आणि ताडपत्री कोणत्या, आणि वडिलांची जुनी काठी तो गल्ल्यामागे टांगणार होता. ज्याला नकार मिळाला आहे असा माणूस हे बोलत नाही.

शेटनी आम्हाला दोघांना गादीवर घेतले. मी आडपडदा ठेवला नाही. "खातं परत उघडा," म्हणालो. "आणि धाकट्याला त्यावर माल द्या."

शेट हळू बोलले. त्यांच्या मागे त्यांचा थोरला मुलगा गल्ल्यावर बसला होता. "उघडतो की. आत्ता उघडतो. पण घोंगडीवाले, ते नवीन खातं होईल. तुमचं जुनं खातं माझ्या लग्नाच्या आधीचं. ते पडून असतं, तर हवालदारांना दुकान भरेल एवढा माल मी त्यातच दिला असता, आणि घरात मला कुणी विचारलं नसतं. आता नव्या खात्यावर तेवढा माल दिला, तर हा मुलगा विचारणार, हे गृहस्थ परवा हिशेब मिटवून गेले आणि आज भावाला घेऊन आले, ते का?"

मुलगा वहीतून मान वर न करता म्हणाला, "विचारणारच, बापू."

"मी पळून गेलो नव्हतो," मी म्हणालो. माझा आवाज चढला होता. "आमच्यात जो परत येणार असतो, तो पै न् पै फेडून जातो. पुढच्या साली तोंड दाखवायचं असतं म्हणून."

शेटनी चष्मा काढला. त्यांना हे नवीन होते. चेहऱ्यावरून दिसत होते. "असं होय," म्हणाले. "आणि आमच्याकडं जो परत येणार असतो, तो थोडं बाकी ठेवून जातो. सव्वा रुपया त्यासाठीच ना परत देत होतो तुम्हाला. या, असं म्हणायला."

"मग त्या दिवशी पायरीपर्यंत आला होता..."

"जाणाऱ्याला पोचवायला नको?"

धाकटा एकदा माझ्याकडे पाहत होता, एकदा त्यांच्याकडे. कुणी खोटे बोलले नव्हते, कुणी कुणाला फसवले नव्हते.

शेटनी नवे खाते उघडून एक लहानसा गठ्ठा देऊ केला. धाकट्याने तो घेतला. उरलेल्यासाठी मी माझ्याजवळचे पैसे काढून दिले. हेही भावजयीच्या गोष्टीत येत नाही. परंतु रोखीच्या मालाने दुकान भरत नाही. फळ्या अर्ध्या रिकाम्या राहिल्या, आणि अर्धे रिकामे दुकान पाहून गिऱ्हाईक शेजारच्या भरल्या दुकानात जाते. मृगाच्या सुमारास, ताडपत्रीचा हंगाम ऐन भरात असताना, त्याच्याकडे ताडपत्री संपली आणि आणता आली नाही. पावसाळा संपायच्या आत त्याने गाळा सोडला. वडिलांची काठी त्याने माझ्याकडे आणून दिली.

तो खंडाळ्याकडे एका कारखान्यावर पहारेकरी म्हणून लागला. पुन्हा गणवेश. मी भेटायला गेलो तेव्हा फाटकावर उभा होता.

"ड्यूटी तीच हाय आण्णा," म्हणाला. "फकस्त दुश्मन न्हाई. आल्या-गेल्याला सलाम ठोकायचा."

"सोड हे. साताऱ्याला ये. दुकानात बस माझ्याबरोबर."

"तुमच्या दुकानात?" त्याने टोपी काढून पुन्हा नीट घातली. "न्हाई आण्णा. एकदा तुमच्या नावावर बसाया गेलो की."

रागाने म्हणाला असता तर मी भांडलो असतो. मला भांडता येते. तो अगदी हळू म्हणाला.

त्यानंतरच्या बिरोबाच्या जत्रेत आम्ही शेवटचे एकत्र होतो. आमच्यात थोरल्यासाठी घोंगडे धाकट्याने अंथरायचे, आणि दोघांनी त्यावर बसून प्रसाद खायचा. त्याने घोंगडे झटकून अंथरले, सुरकुती काढली, मला बसवले. स्वतः शेजारी जमिनीवर बसला. मी सरकून जागा केली. "असू द्या," म्हणाला, "प्यांट हाय माझी." विजारीच्या आणि घोंगड्याच्या वैराची गोष्ट मी तेव्हा प्रथमच ऐकली.

पुढल्या उन्हाळ्यात तो फाटकावरच कोसळला. छाती. आम्हाला कळेपर्यंत सगळे संपले होते.

दहाव्याला नदीकाठी भावजय बायकांना उद्देशून बोलली, मला ऐकू जाईल एवढ्याने. "ज्यांनी दार लावून घेतलं, त्येच आता फुडं हुभं ऱ्हायलेत." माझ्या पत्नीने तिचा हात धरला आणि ते वाक्य प्रथम तेव्हाच उच्चारले: "त्यांना कळलंच न्हाई गं." मी नदीकडे पाहत उभा राहिलो. ती उत्तर देण्याची जागा नव्हती. ही आहे. मी दार लावले नाही. मी माझ्या बापाच्या पद्धतीने, परत येता यावे म्हणून, सगळे चुकते केले होते, आणि पेठेत तो कायमचा निरोप समजला गेला. यात दोष कुणाचा हे ज्याला ठरवायचे असेल त्याने ठरवावे. मला तो सापडलेला नाही, आणि मी कमी शोधलेला नाही. दोष सापडला असता तर बरे झाले असते. त्याला धरून भांडता आले असते, आणि भाऊ गेला त्याचे कुणाकडे तरी उत्तर मागता आले असते.

त्या वर्षी पाडव्याच्या आधी मी सांगलीला गेलो आणि शेटकडून एक सतरंजी उधार घेतली. मला सतरंजीची गरज नव्हती. सतरंज्या मीच विकत होतो. पाडव्याला पैसे द्यायला गेलो. शेट आता थकले होते. त्यांनी पैसे मोजून घेतले आणि थांबले. या वेळी सव्वा रुपया मीच मागे ठेवला. त्यांनी तो वहीत माझ्या नावावर चढवला. मी उठलो, तेव्हा ते गादीवरून उठले नाहीत. हात हलवून "या" म्हणाले.

याला कुणी पश्चात्ताप म्हणू नये. मला पेठेची रीत उशिरा कळली, म्हणून आमची रीत खोटी ठरत नाही. आजही मी वाण्याकडे, दूधवाल्याकडे पै न् पै देऊन झोपतो.

शेट पुढे वारले. पेढी त्यांचा मुलगा पाहतो. तोच, ज्याने मान वर न करता "विचारणारच" म्हटले होते. त्याचेही केस पांढरे झाले. त्या खात्यावर मी पुन्हा काही घेतलेले नाही. ते नुसते पडून आहे. तरी दर पाडव्याला मी जातो. पाय चालत नाहीत तेव्हा नातू गाडीने नेतो. गेल्या दिवाळीच्या पाडव्याला, जेवणातल्या त्या प्रसंगानंतर, धाकट्याची नात म्हणाली, "आजोबा, मी येऊ?" तिला बरोबर घेतले. भावजयीने तिला अडवले नाही. उलट, "वाटंत त्यास्नी औषध दे गं," असे तिला सांगितले.

शेटच्या मुलाने आम्हाला गादीवर बसवले, चहा मागवला. संगणकाच्या पडद्यावर बोट ठेवून म्हणाला, "काका, तुमचा सव्वा रुपया अजून दिसतोय. चार आण्याचं नाणं तर सरकारनं कधीच बंद केलं. आता फेडायचा म्हटलात तरी मला घेता येणार नाही. काढून टाकू का खातं?"

नात माझ्याकडे पाहत होती. तिला वाटेत गाडीत मी सगळे सांगितले होते, जसे येथे लिहिले आहे तसे.

"राहू द्या पडून," तिनेच सांगितले. "किती जुनं आहे ते खातं?"

"नवंच आहे तसं," तो म्हणाला. "जुनं होतं ते त्यांनी उठवलं."

मी काठी टेकून उठलो. वडिलांचीच काठी. नातीने आधार द्यायला हात पुढे केला आणि मी तो घेतला. पेढीच्या पायरीवर जरा थांबून मी मागे वळून पाहिले. मुलगा दुसऱ्या गिऱ्हाइकाशी बोलत बसल्या जागी होता. त्याने नुसता हात हलवला.

"या," म्हणाला.